माणूस घेताना काय बघावं, काय सोडावं

मुलाखतीला दहा मिनिटं उशिरा आला. नजरेला नजर देत नव्हता. आधीच्या साहेबांबद्दल तक्रारीचा सूर होता. पगाराचं पहिल्याच भेटीत विचारलं. पाच वर्षांत तीन नोकऱ्या, मध्ये एक वर्ष रिकामं. नवा माणूस घेताना सावध करणाऱ्या खुणांची ही यादी पुण्या-मुंबईच्या एचआर मंडळींना तोंडपाठ असते आणि भोसरीतल्या वर्कशॉपच्या मालकालाही, त्याने ती कुठे वाचलेली नसली तरी. यादीतल्या प्रत्येक खुणेला जोडून कुणाचा तरी किस्सा असतो आणि तो ‘मला तेव्हाच शंका आली होती’ असा संपतो. अशीच शंका येऊन ज्यांना परत पाठवलं आणि जे पुढे दुसरीकडे चोख काम करत राहिले, त्यांचा किस्सा मात्र कुणाकडेच नसतो. नाकारलेला उमेदवार आपला निकाल चुकल्याचं सांगायला परत येत नाही.

एकदा मात्र असे उमेदवार घाऊक परत आले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली प्रवेश उरकल्यावर टेक्सासच्या विधिमंडळाने जागा १५० वरून २०० करायला लावल्या. तोवर यादीतले वरचे उमेदवार इतरत्र गेले होते. मुलाखतींनंतर ज्यांना तळाला टाकलं होतं त्यांच्यातूनच ५० जण घ्यावे लागले. दोन्ही गटांची तुलना १९८७ साली प्रसिद्ध झाली. महाविद्यालयातली वर्षं संपली, रुग्णालयातलं पहिलं वर्षही संपलं, पण सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मुळात गुणपत्रिकांमध्येही दोन्ही गटांत फार अंतर नव्हतंच. अंतर पडलं होतं ते बहुतांशी मुलाखत घेणाऱ्यांच्या मतांमुळे.

यापुढचा प्रयोग तर मुलाखत घेणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करील असा आहे. जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नथानिएल पीटरसन यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांना पुढच्या सत्रात किती गुण पडतील याचा अंदाज बांधायचा. मागच्या सत्राचे गुण हाताशी दिलेले होते. काही मुलाखतींत उत्तरं देणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं, की हो-नाही किंवा हे-की-ते अशा प्रश्नांची उत्तरं एका ठरावीक सूत्राने, म्हणजे अर्थाशी संबंध न ठेवता द्यायची. मुलाखत घेणाऱ्यांना शंका आली नाही. त्या ठोकळेबाज उत्तरांतूनही त्यांना समोरच्याचा स्वभाव ‘कळला’. आणि केवळ जुने गुण बघून केलेले अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजांपेक्षा बरे ठरले. गप्पा मारून माणूस कळतो ही आपली समजूत एवढी चिवट आहे.

कर्मचारी निवडीच्या पद्धतींवर शंभरेक वर्षं संशोधन चाललं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली त्याआधीच्या ८५ वर्षांतले निष्कर्ष एकत्र मांडले. निवडीच्या वेळची पारख आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ शून्य ते एक अशा आकड्यात दाखवायचा, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. कामाचा नमुना करून घेणं ०.५४, सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून गुण देण्याची आखीव मुलाखत ०.५१, मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.३८, रेफरन्स ०.२६, अनुभवाची वर्षं ०.१८ आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणं ०.०२. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हे गणित पुन्हा तपासलं तेव्हा आधीचे बरेच आकडे फुगलेले निघाले. आखीव मुलाखत ०.४२ वर आली तरी पहिल्या क्रमांकावर गेली, त्या कामाच्या ज्ञानाची परीक्षा ०.४०, कामाचा नमुना ०.३३. मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली आणि अनुभवाची वर्षं ०.०७ वर. ‘किमान सात वर्षं अनुभव हवा’ असं जाहिरातीत ठोकून देणाऱ्यांनी तो शेवटचा आकडा एकदा बघावा. शिवाय या नव्या आकड्यांत कुठलीच पद्धत ०.५० च्या पुढे नाही. निम्म्याहून अधिक अंधारातच ठरवायचं आहे, हे गृहीत धरून बसलेलं बरं.

मोकळ्या मुलाखतीत नेमकं काय बिघडतं? एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं, की एका गुणाची छाप पडली की इतर सगळ्या गुणांचे आकडे तिच्या मागे फरफटत जातात. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना देत असलेल्या शेऱ्यांत त्यांना ते आढळलं. आपल्याकडे ही छाप बहुतेक वेळा भाषेची असते. फर्डं इंग्रजी बोलणारा ‘शार्प’, अडखळणारा ‘कॉन्फिडन्स नाही’. जत किंवा अहेरीहून आलेला, घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेला मुलगा काचेच्या केबिनमध्ये नजर खाली ठेवून बसतो, कारण मोठ्यांसमोर असंच बसायचं असतं हे त्याला घरी शिकवलेलं असतं. यादी सांगते, नजर चुकवतोय म्हणजे काहीतरी लपवतोय.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून २००७ साली एक लेख लिहिला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, जात वगैरे काही नाही, असं सगळे सांगत होते. पण ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं त्यांना अत्यावश्यक वाटत होतं: वडील काय करतात, घरातलं वातावरण कसं, गाव कुठलं. यातून कोणती माहिती मिळते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. शिक्षण-अनुभव सारखाच, फक्त नाव वेगळं, असे अर्ज त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. इथे तर मुलाखतही झालेली नव्हती, कुणी उशिरा आलं नव्हतं. नाव हीच खूण ठरली.

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट उघड्यावर चालते. लग्न ठरलंय का, मुलं किती लहान, मिस्टरांची बदली होते का. स्टेट बँकेने तर तीन महिन्यांहून अधिक गर्भवती असलेल्या उमेदवाराला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवणारी सूचना काढली होती. गदारोळ झाल्यावर जानेवारी २०२२ अखेर ती मागे घेतली. चेन्नईजवळच्या आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित बायकांना नोकरीपासून दूर ठेवलं जातं, असं वृत्त २०२४ च्या जूनमध्ये रॉयटर्सने दिलं, त्यावर केंद्र सरकारने अहवालही मागवला. बायोडाटातला ‘गॅप’ हा याच जातीचा. मूल, सासऱ्यांचं आजारपण, कोविडमध्ये बंद पडलेली कंपनी, स्पर्धा परीक्षेची तीन वर्षं: महाराष्ट्रात रिकाम्या वर्षांची इतकी साधी कारणं आहेत, की त्यात धोका शोधणाऱ्याचीच मला शंका येते. गॅपबद्दल विचारावं जरूर. उत्तरातली तारीख कागदाशी जुळते का एवढंच बघावं.

खरी मेहनत लागते ती या कागदांवर.

भारतातल्या आयटी क्षेत्रात खोट्या अनुभवाचा धंदाच उभा राहिलेला आहे. कन्सल्टन्सी नावाची पाटी लावून बसलेले लोक पैसे घेऊन एक्स्पिरियन्स लेटर, रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिप असा संच तयार करून देतात. वेळ आली तर फोन उचलून ‘हो, आमच्याकडे होता’ म्हणणाराही पुरवतात. अ‍ॅक्सेंचरने नोव्हेंबर २०२२ मध्ये बोगस कंपन्यांची कागदपत्रं देऊन शिरलेल्या भारतातल्या कर्मचाऱ्यांना काढल्याचं जाहीर केलं होतं. पदव्यांचंही तसंच. विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढतो. नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं नाव तीत वर्षानुवर्षं आहे.

पण खोटा कागद बनवणारा सहसा आळशी असतो आणि तिथे तो सापडतो. महाराष्ट्रातल्या सॅलरी स्लिपचंच घ्या. व्यवसाय कर, ज्याला सगळे पीटी म्हणतात, तो महिन्याला २०० रुपये कापला जातो. वर्षाचे २,५०० भरायचे असल्यामुळे फेब्रुवारीत ३००. एकाच साच्यातून बारा स्लिपा छापणारा फेब्रुवारीतही २०० च ठेवतो. बेसिक बदललं तरी पीएफचा आकडा तिथेच, तोही १,८०० च्या ठरलेल्या मर्यादेवर नसलेला. मार्चच्या ३१ तारखेपर्यंत नोकरी पुण्यात आणि मार्चच्या १५ तारखेपासून हैदराबादेत. पगाराची रक्कम स्लिपवर आहे, पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या तारखेला काहीच जमा नाही. यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा कायमचा पीएफ क्रमांक, आल्यापासून पीएफच्या सेवा-इतिहासात प्रत्येक मालकाकडची येण्या-जाण्याची तारीख दिसते, त्यामुळे दोन नोकऱ्या एकाच वेळी करणारेही उघडे पडतात. विप्रोने २०२२ मध्ये ३०० जणांना चोरून दुसरीकडे काम केल्याबद्दल काढलं, तेव्हापासून तर ‘मूनलायटिंग’ हा शब्द बाणेर-बावधनच्या सोसायट्यांतही रुळला.

मात्र इथेही एक काळजी. पीएफमध्ये नाव नाही म्हणजे अनुभव खोटा, असं नव्हे. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि जिथे लागू होतो तिथेही ठेकेदार तो भरतीलच असं नाही. इचलकरंजीच्या लूमवर किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत दहा वर्षं रोखीने पगार घेतलेल्या कामगाराकडे दाखवायला एकही चिठोरं नसतं. त्याला कागद मागून हाकलणं म्हणजे त्याच्या जुन्या मालकाच्या लबाडीची शिक्षा त्याला देणं. अशा माणसाला मशीनवर उभं करावं.

एका टूलरूममध्ये टर्नर-फिटर घ्यायची पद्धत बघितली आहे, ती सांगण्यासारखी आहे. सुपरवायझर उमेदवाराला बसवून काही विचारतच नाही. टेबलावर घासून तयार केलेली एक पिन, व्हर्नियर, एक फडकं आणि ड्रॉइंग ठेवतो आणि म्हणतो, ‘बघ रे, ड्रॉइंगप्रमाणे आहे का.’ व्हर्नियर मुद्दाम खराब निवडलेला असतो, जबडे मिटल्यावरही शून्यावर येत नाही, चार शतांश मिलिमीटर पुढे दाखवतो. काही जण पिन सरळ जबड्यात धरतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. जाणता माणूस आधी फडक्याने जबडे पुसतो, व्हर्नियर मिटवून उजेडासमोर धरतो, शून्य बघतो आणि मग म्हणतो, ‘साहेब, ह्याला एरर आहे.’ कुणी चार शतांश वजा करून माप सांगतो, कुणी दुसरा व्हर्नियर मागतो. दोन्ही चालतं. मग पिनेच्या काठावरून नख फिरवून बर, म्हणजे धातूची उरलेली धार, राहिला आहे का हेही एखादा न सांगता बघतो. जेमतेम पाच मिनिटांचा खेळ. त्यात आयटीआयचं प्रमाणपत्र, बोलण्याची पद्धत, गाव, आडनाव, काही लागत नाही.

हेच इतरत्र करता येतं. वेल्डरकडून टेस्ट प्लेट करून घेतात आणि ती वाकवून बघतात. अकाउंटंटसमोर एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि न जुळणारं लेजर ठेवायचं, रिकन्सिलिएशन करायला सांगायचं. फरक सापडला का यापेक्षा, न सापडलेला फरक ‘सस्पेन्स’मध्ये ढकलून जुळलं म्हणून सांगतो का, ते बघायचं. हॉटेलवाले आचाऱ्याची ट्रायल घेतात. फक्त ट्रायलच्या नावाखाली आठवडाभर फुकट राबवून घेणारेही आहेत आणि डिझायनर, कंटेंट लिहिणारी मुलं त्याला हमखास बळी पडतात. नमुना तासाभराचा असावा. त्याहून मोठं काम असेल तर पैसे द्यावेत.

घरी बसून करायच्या नोकऱ्यांनी एक नवी डोकेदुखी आणली: मुलाखत देणारा आणि कामावर येणारा वेगळाच. आपल्याकडे याला प्रॉक्सी म्हणतात. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, उत्तर द्यायच्या आधी दर वेळी तेवढाच थांबा, डोळे पडद्यावर डावीकडून उजवीकडे वाचत चाललेले. अमेरिकेतल्या नो-बी-फोर या, विशेष म्हणजे सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्या, कंपनीने जुलै २०२४ मध्ये स्वतःहून जाहीर केलं, की त्यांनी नेमलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर उत्तर कोरियाचा निघाला. व्हिडिओवर चार मुलाखती झाल्या होत्या, पार्श्वभूमी तपासणी स्वच्छ आली होती, कारण ओळख एका खऱ्याखुऱ्या अमेरिकन नागरिकाची चोरलेली होती. फोटो एआयने बेतलेला. कंपनीने पाठवलेला लॅपटॉप पोचल्या पोचल्या त्यात घातक सॉफ्टवेअर टाकायला सुरुवात झाली, तेव्हा कळलं. असे लॅपटॉप अमेरिकेतच कुणाच्या तरी घरी रांगेने मांडून ठेवलेले असतात आणि माणूस दुरून ते चालवतो. अशा वेळी लॅपटॉप पाठवायचा पत्ता अर्जातल्या पत्त्याहून वेगळा असणं, ही नजर चुकवण्यापेक्षा कितीतरी बोलकी खूण. पहिल्या दिवशी प्रत्यक्ष बोलावून हाती लॅपटॉप देणं हा त्यावरचा जुनाट पण भरवशाचा उपाय.

रेफरन्सबद्दल थोडक्यात. उमेदवाराने दिलेले दोन नंबर त्याच्या मित्रांचे असतात आणि जुन्या कंपनीचा एचआर तारखांपलीकडे बोलत नाही. तरी जुन्या थेट साहेबांना ‘पुन्हा घ्याल का?’ एवढं विचारावं आणि ते उत्तराआधी किती थांबतात ते ऐकावं. उमेदवाराने राजीनामा दिलेला नसताना मात्र त्याच्या चालू कंपनीत फोन करू नये. त्यात त्याची नोकरी जाते.

गाजलेल्या घोटाळ्यांकडे वळलं की वेगळंच दिसतं. खुणा शोधाव्या लागल्याच नव्हत्या. निक लीसनने १९९५ साली बेरिंग्ज ही दोनशेहून अधिक वर्षांची ब्रिटिश बँक सिंगापुरातून बुडवली, तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा. त्याआधी लंडनमध्ये त्याने परवान्याचा अर्ज केला होता तेव्हा थकलेल्या कर्जाबद्दलचा न्यायालयाचा निकाल लपवला होता आणि अर्ज अडला होता. बँकेला हे ठाऊक होतं. तरी त्याला सिंगापूरला धाडलं, तिथल्या अर्जातही ती गोष्ट गाळली गेली. सौदे करणं आणि त्यांचा हिशेब ठेवणं दोन्ही त्याच्याच हाती आहे, हे १९९४ च्या अंतर्गत तपासणीतही आलं होतं. पण तो नफा दाखवत होता. याहूच्या स्कॉट थॉम्पसन यांचं प्रकरण सौम्य, पण त्याच घराण्यातलं. मुख्य अधिकारी म्हणून ते २०१२ च्या जानेवारीत आले आणि मे महिन्यात गेले, कारण परिचयात लिहिलेली संगणकशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, होती ती लेखाशास्त्राची. ही चूक कंपनीच्या माणसांनी पकडली नाही, एका भांडखोर गुंतवणूकदाराने पकडली. वरच्या खुर्चीसाठी येणाऱ्याचे कागद मागायचा संकोच वाटतो, शिपायाचे मात्र पोलीस पडताळणीपर्यंत सगळे मागतात, ही आपल्याकडचीही रीत आहे.

खालच्या पातळीवर संकोचाची जागा घाई घेते. ऑर्डर आलेली असते, सोमवारपासून दहा माणसं हवी असतात, ठेकेदार ट्रक भरून आणतो. किंवा माणूस ‘आपल्यातला’, मेव्हण्याच्या ओळखीचा असतो, त्याला आधार कार्ड मागणंही वाईट दिसतं. आणि कधी भरती करणाऱ्यांचेच हात ओले होतात. टीसीएसने २०२३ मध्ये आपल्या भरतीतल्या गैरप्रकारांच्या चौकशीनंतर १६ जणांना काढलं आणि माणसं पुरवणाऱ्या सहा एजन्सींना बाद केलं. तिथे उमेदवारांच्या डोळ्यांत बघून काय कळणार होतं?

पैशाला हात लागणाऱ्या जागांबद्दल आणखी एक सांगायला हवं. गल्ला, गोडाऊन, सराफी पेढी, पतसंस्थेचा काउंटर इथे आधीच्या गुन्ह्याची नोंद बघितली की काम झालं, असं वाटतं. अफरातफर तपासणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अहवाल दर खेपेला सांगतात, की पकडलेल्यांपैकी बहुसंख्यांवर पूर्वी एकही गुन्हा नसतो. सर्वांत जास्त वेळा आढळणारी खूण म्हणजे पगाराला न परवडणारं राहणीमान, आणि ती नोकरीला लागल्यानंतरची आहे. म्हणजे मुलाखतीत ती दिसणं शक्यच नाही. तिथे उपयोगी पडते ती दुसरी सही, अचानक केलेली मोजणी आणि वर्षातून सलग आठ-दहा दिवस सक्तीची रजा, ज्या काळात त्याचं काम दुसरा कुणी बघतो.

आता या सगळ्यातून कामाला लावता येण्याजोगी पद्धत कुठली? डॅनियल कानेमन यांनी १९५५ साली, वयाच्या विशीत, इस्रायली लष्करासाठी बसवलेली रीत अजून जुनी झालेली नाही. सहा गुण ठरवायचे. एकेका गुणाबद्दल ठरलेले, घडून गेलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारायचे आणि पुढच्या गुणाकडे जाण्याआधी आकडा लिहून टाकायचा. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र बनवता का म्हणून. तेव्हा कानेमन यांनी शेवटी एक मुभा ठेवली: सगळे आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटा आणि मनाला काय वाटतं तोही आकडा द्या. गंमत म्हणजे तो शेवटचा अंदाजही चांगला ठरला, मात्र आधीची शिस्त पाळल्यानंतरच. आतल्या आवाजावर विश्वास असलेल्यांना एवढी सवलत द्यायला हरकत नाही.

छोट्या मालकाला सहा गुण जमले नाहीत तरी तीन जमतील. उमेदवाराची लेखी संमती घेऊन कागद तपासावेत आणि न घेतलेल्यांच्या आधार-पॅनच्या प्रती ड्रॉवरमध्ये साठवू नयेत. डिजिटल व्यक्तिगत डेटाचा २०२३ चा कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही निघाले. उमेदवारही खुणा वाचत असतो. नेमणुकीचं पत्र देत नाहीत, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, लॅपटॉपचं किंवा ट्रेनिंगचं डिपॉझिट मागतात, तीच जाहिरात दर तीन महिन्यांनी पुन्हा येते, हे त्याला दिसतंच.

आणि मुलाखतीच्या वेळी लिहिलेले आकडे फेकून देऊ नयेत. फायलीला लावून ठेवावेत आणि वर्षाने काढून बघावेत: ज्याच्यापुढे ‘नोकऱ्या बदलतो’ असं लिहिलं होतं तो टिकला का, ज्याला डोळे मिटून नऊ दिले होते त्याने काय केलं. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी सॉफ्टवेअर आहेत, तरी हा ताळा क्वचितच कुणी मांडतं. तो मांडताना सहा महिन्यांच्या आत सोडून गेलेल्यांची नावं वेगळी काढावीत आणि प्रत्येकापुढे तो कुणाच्या हाताखाली होता तेही लिहावं. चारपैकी तिघांपुढे एकाच सुपरवायझरचं नाव आलं, तर पुढची जाहिरात देण्याआधी त्याला बोलावून घ्यावं.